परवा

डॉक्टरीणबाईंनी कोरा कागद पुढे सरकवला :
घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं.
हेरंबने गोल काढला, सुबक, एका झटक्यात;
एकतीस वर्षं ॲबर्डीनच्या बसगाड्यांची
वेळापत्रकं आखलेला हात तो.
मग आकडे बसवले.
बाराच्या बारा उजवीकडे, खेटून खेटून,
जशी काही डावीकडची बाकं ओली होती.
"काटे?" मी हळूच विचारलं.
"येतील की. अजून डेपोतच असतील."
मला हसू आलं. तिला सांगितलं नाही कशाचं.

तिने पुढचं विचारलं :
बंदरावर फिरायला जाता का अजून?
तो मराठीत म्हणाला, "परवा."
एवढंच. आणि खिडकीकडे पाहत राहिला.

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. गेले होते, की जाणार आहेत?
आता काय सांगू हिला.
काल आणि उद्या माझ्या भाषेने
निगुतीने वेगवेगळ्या दोऱ्यांवर वाळत घातले,
आणि त्यापलीकडचं, मागचं काय, पुढचं काय,
एकाच बादलीत टाकून दिलं.
एरवी क्रियापद येतं नि निवाडा करतं.
ह्याची क्रियापदं उन्हाळ्यापासून गळतायत.

"दोन दिवसांपूर्वी गेला होता," मी म्हटलं.
खोटं. पाच आठवडे उंबरा ओलांडलेला नाही,
बाहेर पायवाटेवर बर्फाची काच.
तिने लिहून घेतलं.

डिसेंबरात इथे साडेतीनलाच दिवा लावावा लागतो.
ग्रॅनाइटच्या भिंती आधी काळ्या होतात, मग आभाळ.
संध्याकाळ मग अशी लांबते, अशी लांबते,
की मी दोनदा भांडी घासते.
तो बाथरूममध्ये असतो ती बारा मिनिटं,
दाराला कान लावून, नळ चालू आहे ना,
त्या बारा मिनिटांत एक अख्खं लग्न लागून
जेवणावळी उठतील.
आणि तरी रविवारी गोळ्यांची डबी भरायला घेते
तेव्हा वाटतं, अगं, आत्ताच तर भरली होती!
दिवस सरकत नाही. आठवडा सापडत नाही.

पूर्वी तो सांगायचा :
थांब्यावरची तीन मिनिटं माणसं दहा म्हणून लिहितात.
तक्रारीचं पत्र आलं, की आपण तिनाने भागायचं.
मीही भागून बघते हल्ली.
बाकी उरते.

मॉयरा येते सकाळ-संध्याकाळ, वीस-वीस मिनिटं.
दाराशी फोन टेकवते, तिची मिनिटं सुरू.
मोजे, दात, सूप. "हाउ आर वी, हेराम?"
जाताना पुन्हा फोन टेकवते, संपली.
कधी कधी फोन टेकवल्यानंतरही
बुटाची नाडी बांधत बसते उगाच,
ती मिनिटं कोणाच्या खात्यात जातात ठाऊक नाही.

डॉक्टरकडे गेलो तो सोमवार.
बुधवारी दुपारी मी त्याला कोट चढवला,
दोन मोजे, टोपी, माझाच मफलर,
आणि टॅक्सी करून बंदरावर नेलं.
मीठ टाकलेला रस्ता, डिझेलचा वास,
एक सीगल कोणाच्या तरी चिप्सवर टपलेला.
शेटलंडची बोट दिवे लावून उभी.
आम्ही कठड्याला धरून उभे राहिलो,
किती वेळ ते मी पाहिलं नाही,
मुद्दामच नाही पाहिलं.
भोंगा झाला. दोर सुटले.
हेरंबने डाव्या मनगटावरची बाही सारली;
घड्याळ नव्हतं, सप्टेंबरपासून नाहीये.
त्या उघड्या कातडीकडे नीट निरखून पाहत म्हणाला,
"वेळेवर निघाली."

"हो," मी म्हटलं.
घरी मॉयराने फोन टेकवलेला असणार,
दाराशी उभी असणार ती, हात चोळत.
टॅक्सीला हात करायला हवा होता.
"पुन्हा कधी यायचं रे?" मी विचारलं.
उत्तर मला माहीत होतं, तरी विचारलं.